काटकोनातला पाणतीर

स्वतः नेम धरून पहिली बोट बुडवली तेव्हा माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि समोरच्या स्टुलावर, उशीवर ठेवलेला होता. बोट कॉम्प्युटरमधली होती, समुद्रही कॉम्प्युटरमधलाच. नेम मात्र खरा होता. तो जमायला आम्हाला पंधरा दिवस लागले. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या घरमालकीणबाईंना.

मी तेव्हा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून बघायचे आणि ते कुठे चुकतात ते शोधायचं, हे माझं काम. वर्ध्याला इंजिनिअरिंग करून आले होते. हिंजवडीत तेव्हा शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांत बसवायला माणसं कमी पडत होती, त्यामुळे माझ्यासारखीला नोकरी मिळणं अवघड नव्हतं. तिथे आपलं म्हणणं कुणाला ऐकायला लावणं अवघड होतं. मी मीटिंगमध्ये बोलत नसे. माझ्या तोंडून ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिली’ निघालं की पुण्याची मंडळी गालात हसत, म्हणून मी बोलायच्या आधी वाक्य मनात एकदा तपासून घेई, आणि ते तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे.

राहायला कर्वेनगरमध्ये होते, एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, निवृत्त गणिताच्या शिक्षिकेकडे पेइंग गेस्ट म्हणून. त्यांना सगळी सोसायटी ‘बाई’ म्हणायची, मीही म्हणायचे. वय अडुसष्ट. जन्म नारायण पेठेतला, चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूमिती शिकवण्यात गेलेली. लग्न केलेलं नव्हतं. “राहून गेलं का?” असं शेजारच्या एका काकूंनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “राहून नाही गेलं. केलं नाही. तुमचं राहून गेलं असतं तर तुम्हाला फरक कळला असता.” त्यानंतर त्या काकू आमच्याकडे वाटीभर साखर मागायलाही आल्या नाहीत.

पाय मोडला तो कंपनीच्या बसमधून उतरताना. बस आणि फुटपाथ यांच्यामधल्या हातभर जागेतून एक स्कूटरवाला घुसला. मी पडले. त्याने थांबून, हेल्मेट काढून मलाच विचारलं, “दिसत नाही का हो?” घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

आईचा फोन आला. “काऊन तिथं एकटी पडून राहिलीस? घरी ये ना बाप्पा.” घरी गेले तर सहा आठवड्यांत निदान चार स्थळं बघायला येतील हे मला माहीत होतं, आणि या खेपेला पळताही आलं नसतं. मी पुण्यातच राहिले.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातून कळलं की माझं प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाला तरी दिलं. परत गेले की मी ‘बेंच’वर, म्हणजे पगार चालू पण काम नाही. तिथे फार दिवस बसलेल्या माणसाला एक दिवस एचआरचं बोलावणं येतं. मी धास्तावले होते, हे खोटं कशाला सांगू.

माझा कॉम्प्युटर बाईंनी दिवाणखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर ठेवू दिला, कारण माझ्या खोलीत पाय लांब करून बसायला जागा नव्हती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा एक जण भेटायला आला, तो येताना पाणबुडीच्या खेळाची सीडी घेऊन आला. “टाईमपास होईल तुझा. एकदम रिअल आहे,” म्हणाला.

खेळ असा की आपण पाणबुडीचे कप्तान. समुद्रात हिंडायचं, पेरिस्कोपमधून शत्रूची बोट शोधायची आणि टॉर्पेडो सोडायचा. बोटीवर पेरिस्कोप धरला की एक लाल त्रिकोण दिसे, तो हिरवा झाला की बटण दाबायचं. बोट बुडालीच. चार दिवसांत मी वीसेक बोटी बुडवल्या आणि मला जांभया यायला लागल्या.

पाचव्या दिवशी सकाळी बाई पोळ्या आटोपून, पदराला हात पुसत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

“पाणबुडी. टॉर्पेडो सोडून राहिली मी.”

“सोडते आहे मी. आणि टॉर्पेडोला पाणतीर म्हणतात. चांगला शब्द आहे, वापरायला कर लागत नाही.” त्या जरा वेळ बघत राहिल्या. बोट बुडाली. “नेम कोण धरतं?”

“कॉम्प्युटर.”

“मग तू काय करतेस?”

“बटण दाबते.”

“अस्सं,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून आवाज आला, “तेवढं तर आपला वॉचमनसुद्धा करतो. लिफ्ट असती तर.”

मला राग आला. रागाच्या भरात मी खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वयंचलित नेम बंद केला. लाल त्रिकोण गेला. त्याच्या जागी पेरिस्कोपमध्ये उरली नुसती एक उभी रेघ आणि एक आडवी रेघ, आणि बाजूला तीन तबकड्या. बोटीचा वेग किती, बोटीचं अंतर किती, आणि बोटीचं नाक आपल्यापासून किती अंशांनी वळलेलं आहे, हे तिन्ही आपणच मोजायचं आणि आपणच भरायचं. मी अंदाजाने आकडे भरले आणि बटण दाबलं. पाणतीर समुद्रात कुठे गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुपारपर्यंत मी अकरा पाणतीर सोडले. एकही लागला नाही. एका बोटीला तर आपल्यावर कुणी हल्ला केलाय याचा पत्ताही लागला नसावा.

जेवताना बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “गृहीत धरलेल्या आकड्यांनी उत्तर येत नाही. माझ्या वर्गातल्या मुली असंच करायच्या. शेवटची ओळ पुस्तकाच्या मागे बघायच्या आणि मधलं काहीतरी लिहायच्या.” मग ताटातला भात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “वेग मोजायला काय काय दिलंय?”

असं ते सुरू झालं.

दिलेलं होतं ते असं. खेळात एक पुस्तक होतं, त्यात सगळ्या प्रकारच्या बोटींची चित्रं, लांबी आणि डोलकाठीची उंची. बोट ओळखली की लांबी कळते. पेरिस्कोपची उभी रेघ एका जागी स्थिर धरायची. बोटीचं नाक रेघेला लागलं की घड्याळ चालू करायचं, शेपूट रेघेबाहेर गेली की बंद. लांबी भागिले वेळ, झाला वेग.

“हे सातवीतलं आहे,” बाई म्हणाल्या. “पूल ओलांडणारी आगगाडी. फक्त पूल रेघेएवढा बारीक.”

कपाटातून त्यांनी शाळेच्या क्रीडादिनाचं स्टॉपवॉच काढलं, जाड, पितळी रंगाचं, चावीचं. शाळेने निरोपसमारंभात शाल दिली होती, ती कुठे आहे हे त्यांना आठवत नव्हतं. हे मात्र सापडलं. मी पेरिस्कोप धरायचा आणि ‘लागलं’ म्हणायचं, बाईंनी घड्याळ दाबायचं. मी ‘सुटलं’ म्हणायचं, त्यांनी थांबवायचं.

“एकोणतीस सेकंद. लांबी?”

“दीडशे मीटर.”

बाईंनी कागदावर केलं. खेळात वेग नॉटमध्ये लागतो, त्याचा गुणक त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहून चौकट केली होती. “दहा नॉट.”

दहा भरले. सोडला. पाणतिराची पांढरी रेघ पाण्यात धावत गेली आणि बोटीच्या नाकापुढून निघून गेली. तोच डाव पुन्हा चालू करून मोजलं, पुन्हा दहा, पुन्हा नाकापुढून. तीन दिवस आमचे पाणतीर नाकापुढून जात राहिले. पहिल्या दिवशी मी मोजताना आपलीच पाणबुडी चालू ठेवली होती. “आपण चालत असताना दुसऱ्याचा वेग मोजतेस? आधी उभी राहा,” असं ऐकून घेतलं. पाणबुडी थांबवली, तरी नाकापुढून. एकदा मी तीनशे पन्नास अंश आणि दहा अंश यांच्यातलं अंतर वजाबाकी करून तीनशे चाळीस लिहिलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “बाराला पाच कमी आणि बारा वाजून पाच, यांच्यात किती वेळ जातो? अकरा तास पन्नास मिनिटं? वर्तुळाला सुरुवात नसते, ती आपण कुठेतरी ठेवतो. वीस लिही.”

चौथ्या दिवशी बाई खेळातलं बोटींचं पुस्तक वाचत बसल्या, परीक्षेचे पेपर तपासावेत तशा. तासाभराने म्हणाल्या, “या बोटीला धुराडं कुठे आहे?”

“मध्ये.”

“पुस्तकातल्या तुझ्या बोटीला ते मागे आहे. मध्ये धुराडं असलेली ही बघ, चार पानं पुढे. लांबी एकशे वीस. पुस्तक बरोबर आहे. तू पान चुकीचं उघडलंस.”

एकशे वीस धरले की वेग आठ येत होता. आम्ही तीन दिवस बोटीला तिच्या चालण्यापेक्षा जास्त चपळ समजत होतो, म्हणून पाणतीर तिच्या पुढे जात होते. मला इतका आनंद झाला की मी पाय मोडलाय हे विसरून उठले आणि पुन्हा खाली बसले. बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “हाड जुळेपर्यंत बसून आनंद करायचा.”

पण तरी लागेना. आता पाणतीर कधी पुढून, कधी मागून जायचे. तिसरा आकडा चुकत होता. बोटीचं नाक आपल्यापासून किती वळलेलं आहे हे मी डोळ्यांनी ठरवत होते. मी साठ अंश म्हणायचे आणि बाई म्हणायच्या, “ऐंशी तरी असेल.” वाद व्हायचा. दोघींकडेही पुरावा नव्हता. बाईंना पुरावा नसलेला वाद सहन होत नसे. त्या उठून देवाला दिवा लावायच्या.

मग एके सकाळी मी दात घासत होते तेव्हा बाई फिरून आल्या, चप्पल न काढता आत आल्या. असं त्या कधी करत नसत. हातात दिनदर्शिकेचं फाडलेलं पान होतं, पाठीमागे आकृती.

“अंतर लागतच नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अगं, अंतर लागतच नाही! तो कोनही डोळ्यांनी मोजावा लागत नाही. आपण तिच्या मागे धावतो, हीच चूक. बोट ज्या रेषेवरून चालली आहे त्या रेषेशी आपली पाणबुडी काटकोनात उभी करायची. पाणतीर नाकासमोर सरळ सोडायचा. बोट तिच्या रेषेवर, पाणतीर आपल्या रेषेवर, दोन्ही रेषा काटकोनात. मग काटकोन त्रिकोण झाला. त्याच्या दोन बाजू म्हणजे दोघांचे वेग. बोटीचा आठ, पाणतिराचा तीस. आठ भागिले तीस. त्रिकोण मोठा असो की लहान, कोन तोच. म्हणून अंतर लागत नाही.”

मी ब्रश तोंडात ठेवूनच आकृतीवर वाकले. बाईंनी लॉगटेबलचं पुस्तक उघडलं आणि टॅनच्या तक्त्यावर बोट फिरवलं. “पंधरा अंश. जवळजवळ अगदी पंधरा. पेरिस्कोप पंधरा अंश बोटीच्या बाजूला वळवून ठेव. बोट रेघेवर आली की सोड. तोंड धू आधी.”

बोटीची रेषा कशी मिळवायची तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. खेळाच्या नकाशावर बोट अंदाजे जिथे दिसे ती जागा टिपायची, पाच मिनिटांनी पुन्हा टिपायची, दोन ठिपके जोडून रेघ पुढे वाढवायची. मी पाणबुडी रेघेला काटकोनात आणून उभी केली. पेरिस्कोप पंधरा अंश डावीकडे. बाई शेजारी खुर्चीवर, घड्याळ मुठीत. घड्याळाचं आता काम नव्हतं, तरी.

बोट आली. नाक रेघेला लागलं. मी जरा थांबले, धुराडं रेघेवर येऊ दिलं आणि बटण दाबलं.

पांढरी रेघ निघाली. बाई उठून पडद्याजवळ आल्या. “सरळ जाऊन राहिलाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “सरळ जाऊन राहिलाय गं!”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि बोटीच्या मधोमध पाण्याचा खांब उसळला.

मी ओरडले. टेबलावर हात आपटला. बाईंनी टाळी वाजवली, एकच. मग बोट एका बाजूला कलायला लागली, आणि तिच्यावरून लहान लहान होड्या पाण्यात उतरायला लागल्या. चांगला खेळ होता, बारकाईने केलेला. बाई होड्यांकडे बघत राहिल्या.

“त्यांत माणसं आहेत का?”

“नाही बाई, चित्रं आहेत ती.”

“ते मला कळतं.” त्या खुर्चीवर बसल्या. “होड्या कशासाठी काढल्यात मग?”

मी खेळ बंद केला. त्या दुपारी आम्ही खेळलो नाही. बाईंनी मुगाची खिचडी केली आणि आम्ही रेडिओ ऐकत जेवलो. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “मला गणित आवडलं. फार आवडलं. शाळा सुटल्यापासून इतकं काही आवडलं नव्हतं. पण होड्या निघणार असतील तर मी आकडे काढून देणार नाही. तू मला हसलीस तरी चालेल.”

मी हसले नाही. त्या खेळात एक सरावाचा भाग होता, मी तो पहिल्याच दिवशी कंटाळवाणा म्हणून सोडला होता. त्यात जुन्या, रंग उडालेल्या, रिकाम्या बोटी समुद्रात सोडलेल्या असत, नेम शिकण्यासाठी. लागला तरी होड्या निघत नसत. मी बाईंना दाखवलं. त्यांनी दोन बोटी बुडेपर्यंत खात्री केली आणि म्हणाल्या, “हे योग्य आहे.” तेव्हापासून आम्ही फक्त रिकाम्या बोटींवर नेम धरला. मी एकटी असतानासुद्धा. का ते विचारू नका, दुसरं करवेना.

प्लास्टर निघायच्या आधीच्या रविवारी सीडी देणारा तो सहकारी पुन्हा आला. मी मॅन्युअल खेळते म्हटल्यावर तो म्हणाला, “अगं, मॅन्युअल कोणी खेळत नाही. इम्पॉसिबल आहे ते. लक लागतं.”

“नशीब नाही, टॅन लागतो,” आतून बाई म्हणाल्या.

चहा होईपर्यंत पैज ठरली. चार-चार पाणतीर, रिकाम्या बोटी, स्वयंचलित काही नाही. आधी तो. त्याने हात चोळले, पेरिस्कोप गरागरा फिरवला आणि डोळ्यांनी अंदाज करून चारही सोडले. चारही गेले. एक तर किनाऱ्याकडे गेला.

मग आम्ही. बोटीच्या जागा टिपून रेघ ओढेपर्यंत त्याने दोनदा घड्याळ बघितलं आणि अख्खा बशीभर चिवडा संपवला. “कधी सोडणार?” तो विचारत होता. बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमचे चार सोडून झालेत ना? मग आता आपण फक्त बघायचं.”

पहिला लागला. दुसरा लागला. तिसरी बोट जास्त वेगाने जात होती, आम्ही पुन्हा मोजलं, कोन बावीस आला, तोही लागला. चौथा सरळ गेला, बोटीच्या पोटावर आदळला आणि ठक असा आवाज होऊन थांबला. फुटलाच नाही. खेळात तेवढंही खरं ठेवलं होतं, काही पाणतीर नादुरुस्त निघत.

“मिस!” तो म्हणाला.

“आवाज ऐकलात ना?” बाई म्हणाल्या. “नेम आमचा. दारू भरणारा कारखाना आमचा नाही. चार.”

त्याने हात जोडले. पुढच्या रविवारी तो वही घेऊन आला. बाईंनी त्याला पहिल्या दिवशी पेरिस्कोपला हातही लावू दिला नाही, आगगाडी आणि पुलाची दहा गणितं घातली. त्यातली तीन चुकली. माझं एकही चुकलं नसतं, हे मी त्याला सांगितलं.

पाय बरा झाला. मी परत ऑफिसला गेले, बेंचवर बसले, आणि पाचव्या दिवशी मला एका प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात मदतीला टाकलं. मालट्रक कुठे आहेत आणि कुठल्या दिशेने चाललेत, हे नकाशावर बाणाने दाखवणारी प्रणाली होती. तपासणीचं टूल होतं, ते चालवलं की शेकडो ओळी हिरव्या व्हायच्या. सगळ्या हिरव्या होत्या. माझं काम फक्त ‘पास’ लिहून सही करायचं होतं.

मी कागद घेतला. पाणबुडीनंतर मला नुसतं हिरवं बघून सही करवत नव्हती. ट्रकची दिशा दर काही सेकंदांनी मोजून तिची सरासरी काढलेली होती. मी हाताने चार सरासऱ्या काढल्या. तीन बरोबर आल्या. चौथा ट्रक सरळ उत्तरेला चालला होता. एक मोजमाप तीनशे पन्नास अंश, दुसरं दहा. प्रोग्रॅमने दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं होतं, एकशे ऐंशी. म्हणजे ट्रक उत्तरेला आणि बाण दक्षिणेला. टूलनेही तीच बेरीज करून तेच निम्मं केलं होतं, म्हणून ते खूश होतं.

मीटिंगला आठ माणसं होती. मॅनेजर म्हणाले, “ऑल ग्रीन, राइट?”

“हिरवं आहे, पण चुकीचं आहे,” मी म्हणाले. वाक्य मनात तपासायला वेळ घेतला नाही. “उत्तरेला जाणारा प्रत्येक ट्रक आपण उलटा दाखवून राहिलो.”

कुणीतरी गालात हसलं. मी उठून बोर्डावर वर्तुळ काढलं, वर शून्य लिहिलं, दोन्ही बाजूंना दहा-दहा अंशांचे बाण काढले. “यांच्या मधली दिशा कोणती?”

सगळे वर, शून्याकडे बघत होते. बाण खाली दाखवणारा तो आकडा मी शेजारी लिहिला.

“टूल तर पास म्हणतंय,” मॅनेजर म्हणाले.

“टूल म्हणतंय. मी नाही म्हणत.”

प्रणाली आठवडाभर उशिरा गेली. मॅनेजरनी माझं कौतुक केलं नाही, त्यांच्या कपाळावर आठी होती ती महिनाभर राहिली. पण पुढच्या प्रोजेक्टमध्ये जिथे कुठे आकडेमोड होती ती त्यांनी न बोलता माझ्याकडे पाठवली. हेही सांगते की त्यानंतर तीनच आठवड्यांनी मी तितक्याच ठामपणे दुसरी एक चूक दाखवली आणि ती चूक नव्हती, माझाच गुणक उलटा लागला होता. सगळ्यांसमोर सॉरी म्हणाले. घरी येऊन बाईंना सांगितलं.

“मग?” त्या म्हणाल्या. “पुन्हा बोलणार आहेस ना?”

“हो.”

“मग ठीक.”

मी पुन्हा बोलले. बोलतच राहिले. आता मी वर्ध्याचं बोलते का पुण्याचं, याकडे माझं लक्ष नसतं, आणि ऐकणाऱ्यांचंही फारसं नसतं, कारण बहुतेक वेळा आकडे बरोबर असतात.

दोन वर्षांनी मी हिंजवडीजवळ एक छोटा फ्लॅट भाड्याने घेतला. रोजचे तीन तास बसमध्ये जायचे, ते वाचवायचे होते. बाईंना सांगायला मी घाबरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, विचारलं, “कॉम्प्युटर नेणार असशील?”

“न्यावा लागेल, बाई.”

“बरं,” म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या. मला वाटलं, दुखावल्या.

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, दहा वाजता लक्ष्मी रोडजवळच्या अमुक दुकानात ये. मी पोहोचले तेव्हा त्या काउंटरसमोर ताठ उभ्या होत्या आणि दुकानदार त्यांना सगळ्यात साधा कॉम्प्युटर दाखवत होता.

“आजी, एवढं पुरेल. पत्रं लिहायला, फोटो बघायला. नातवंडांसाठी घेताय ना?”

“मला नातवंडं नाहीत,” बाई म्हणाल्या. “ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे ते सांगा.”

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“ग्राफिक्स कार्ड कशाला हवंय तुम्हाला?”

“पाणबुडी चालवते मी.”

तो हसला. मग बाई हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. तो मुकाट्याने आत गेला आणि दुसरं खोकं घेऊन आला. त्याच्यावरची सगळी बारीक अक्षरं बाईंनी चष्मा लावून वाचली, दोन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर त्याला आलं नाही, ते त्याने फोन करून विचारून दिलं.

दुपारी कर्वेनगरला मी वायरी जोडल्या. जेवणाच्या त्याच टेबलावर. खेळ चालू झाला, समुद्र आला. मी सवयीने माऊसकडे हात नेला.

“तू तिकडे बस,” बाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.